मालदीवचा कुपा आणि त्याची बाजारवाट

हिंदी महासागरात विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस, उत्तर-दक्षिण सुमारे ८७० किलोमीटर पसरलेल्या मालदीवच्या प्रवाळद्वीपांवर भाताचे पीक येत नाही, लोखंडाची खाण नाही, आणि नौका बांधण्याजोगे लाकूड म्हणाल तर ते बहुतांशी माडाचेच. त्यामुळे माणसाने तेथे वस्ती केली तेव्हापासूनच आपल्या समुद्रातील संपत्ती परमुलखात विकून त्या बदल्यात तांदूळ, कापड आणि धातू आणल्यावाचून त्याचा निर्वाह होणे शक्य नव्हते. विकण्याजोग्या वस्तू मुख्यतः तीन होत्या : माडाचा काथ्या, उथळ पाण्यातली कवडी आणि मासळी. कवडी बंगाल व ओरिसा प्रांतांत चलन म्हणून चालत असे, तिला कीड लागत नसे की गंज चढत नसे. काथ्याही दीर्घकाळ टिके. परंतु उष्ण कटिबंधातली मासळी सकाळी पकडली तर सायंकाळपर्यंत नासू लागते, आणि सर्वांत जवळची मोठी बाजारपेठ तर शेकडो मैल दूर. म्हणून मालदीवच्या मासेमारीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने नौकेच्याही आधी बेटावरल्या चुलीकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते.

ही मासळी म्हणजे टूनाच्या कुळातील, पोटावर लांबट काळे पट्टे असलेली, दोन-तीन शेर वजनापासून पुढे वाढणारी जात. आपल्या कोकण किनाऱ्यावर या कुळातील माशांना कुपा किंवा गेदर म्हणतात, आणि पापलेट-सुरमईच्या मानाने त्यांना आपल्या स्वयंपाकघरात फारसा मान नाही. मालदीवात मात्र सारा संसार या एका माशावर उभा राहिला. त्याचे मांस लाल असून त्यात चरबी अल्प असते, आणि चरबी अल्प असल्यामुळेच ते सुकविण्यास उत्तम. मासा किनाऱ्यावर आला की त्याचे डोके व आतडी काढून टाकीत, काट्याच्या अनुरोधाने चार लांब तुकडे करीत, ते खारट पाण्यात उकळीत, मग चुलीवरच्या मांडवावर ठेवून त्यांस धूर देत आणि अखेरीस कित्येक दिवस उन्हात घालीत; असे करता करता तो तुकडा लाकडासारखा कठीण होई, आणि नीट राखला तर महिनेच्या महिने टिकून राही. उकळण्याच्या भांड्यात जो रस उरे तोही टाकून देत नसत. तो आटवून आटवून त्याची काळसर, दाट चटणीसारखी वस्तू बनवीत, तिला रिहाकुरू म्हणतात, आणि ती आजही तेथील भाताबरोबर आवडीने खाल्ली जाते. आपल्याकडे वसई-वेसाव्याच्या किनाऱ्यावर बोंबील बांबूच्या मांडवावर टांगून केवळ ऊन-वाऱ्याने सुकवितात; मालदीवात उकळ, धूर आणि ऊन अशी तिहेरी क्रिया होती, आणि तिचा बहुतेक भार स्त्रियांवर असे. इतिहासाच्या ग्रंथांत या स्त्रियांचा नामोल्लेख क्वचितच आढळतो. त्यांच्या हातून तयार झालेला माल मात्र तीन-चार राष्ट्रांच्या बंदरांतून विकला जात होता.

या मालाचा एक जुना व विश्वसनीय साक्षीदार म्हणजे मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. इ. स. १३४३ मध्ये तो मालदीवात पोहोचला, तेथे त्याने काझीचे पद सांभाळले, आणि आपल्या प्रवासवृत्तांतात त्याने या लाल मांसाच्या माशाचे वर्णन करून ठेविले : माशाचे चार तुकडे करतात, किंचित शिजवितात, माडाच्या झावळ्यांच्या टोपल्यांत घालून धुरावर टांगतात, आणि पूर्ण सुकल्यावर तो हिंदुस्थान, चीन व येमेन येथे रवाना करतात. काझीच्या नजरेतून शरीयतचे प्रश्न सुटत नसत, तसे हे व्यापाराचे प्रश्नही सुटले नाहीत, हे आपले भाग्यच म्हणावयाचे. जी क्रिया त्याने चौदाव्या शतकात पाहिली तीच, फारसा फरक न पडता, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती.

दुसरा साक्षीदार फ्रेंच. फ्रांस्वा पिरार याचे जहाज इ. स. १६०२ च्या जुलै महिन्यात मालदीवच्या खडकांवर फुटले. तो तेथे सुमारे पाच वर्षे अडकून पडला, तेथील भाषा शिकला, सुलतानाच्या दरबारात वावरला, आणि पुढे फिरत फिरत पोर्तुगीजांच्या गोव्यास येऊन पोहोचला, जेथील प्रसिद्ध इस्पितळाचे त्याने केलेले वर्णन गोव्याच्या इतिहासकारांस परिचित आहे. मालदीवच्या मासेमारीविषयी त्याने जे लिहिले त्याचे मोल मला त्याहूनही अधिक वाटते. खोल समुद्रात काठीला दोरी व गळ बांधून मासा धरतात. त्या गळाला आमिष लावीत नाहीत, तर आधी पकडून जिवंत ठेवलेले लहान मासे समुद्रात फेकतात आणि त्यांच्या लोभाने मोठे मासे येऊन चकाकणाऱ्या गळावर झडप घालतात, असे त्याचे निवेदन आहे. आज मालदीवच्या नावेवर जाऊन कोणी पाहील तर त्यास हेच दृश्य दिसेल.

ही पद्धत नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढील साऱ्या कथेचे मर्म तीत आहे. मोठ्या माशाच्या मागे लागण्यापूर्वी कोळ्यांना लहान माशांच्या मागे लागावे लागते. प्रवाळाच्या खडकापाशी चौकोनी जाळे पाण्यात सोडून त्यावर माशाचा चुरा टाकतात. बोटाएवढे चंदेरी मासे जमले की जाळे वर उचलतात. हे आमिष जिवंत ठेवणे हीच खरी कसोटी. त्यासाठी नौकेच्या तळाशी एक हौद राखलेला असतो, आणि हौदाच्या तळाला मुद्दाम भोके ठेवलेली असतात. त्यांतून समुद्राचे पाणी आत येते, आणि पूर्वी दोघे-तिघे खलाशी ते सतत उपसून बाहेर टाकीत, जेणेकरून हौदातले पाणी ताजे राहावे आणि नौका मात्र बुडू नये. आपल्याच नौकेच्या तळाला जाणूनबुजून छिद्रे पाडून ती समुद्रात लोटण्याचे धैर्य आणि ते छिद्र किती असावे याचे गणित, ही दोन्ही त्या लोकांच्या ज्ञानाची साक्ष होत. मग नौकेचा प्रमुख, ज्यास तेथे केयोळू म्हणतात, तो समुद्रपक्ष्यांचे थवे न्याहाळीत नौकेस दिशा देतो; पूर्वी तो वल्हवणाऱ्यांस व शीड सांभाळणाऱ्यांस दिशा देई. थवा जेथे पाण्यावर झेपावत असेल तेथे खाली कुप्याचा कळप असावयाचा. कळप गाठला की एक जण मुठी-मुठीने जिवंत आमिष फेकतो, दुसरे काही जण पळ्यांनी पाणी उडवून लाटेवर माशांची खळबळ उडाल्याचा भास निर्माण करतात, आणि नौकेच्या मागील बाजूस ओळीने उभे असलेले मासेमार बांबूच्या काठ्या पाण्यात टेकवून झटक्यासरशी मासा वर फेकतात. गळाला उलटा काटा नसल्यामुळे मासा हवेतच सुटून नौकेत पडतो आणि काठी तत्काळ परत पाण्यात जाते. कळप लागला असता काही मिनिटांच्या अवधीत शेकडो मासे वर येतात. कळप बुडी मारून गेला की सारे शांत.

या पद्धतीची मर्यादा तिच्या अंतर्भागातच होती, आणि ती दुहेरी होती. एक तर आमिष जितके, तितकाच मासा. आणि आमिष हे प्रत्येक द्वीपसमूहाच्या आपापल्या खडकांवर अवलंबून. दुसरी मर्यादा किनाऱ्यावरची : जितका मासा त्या दिवशी कापून, उकळून, धुरास लावता येईल तेवढाच उपयोगाचा, त्याहून अधिक आणला तर तो सडावयाचा. चुली किती, सरपण किती, हात किती, यांवर समुद्रातली पकड ठरत असे. मालदीवच्या कोळ्यांनी समुद्रावर दया केली असे म्हणून त्यांस ऋषितुल्य ठरविण्याची मला आवश्यकता वाटत नाही. त्यांची पद्धतच अशी होती की तिने बहुतांशी एकाच प्रकारचा मासा, एका वेळी एक, आणि गावाला पेलेल एवढाच दिला. कासव, देवमासा किंवा इतर निरुपयोगी जीव तिच्यात सहसा अडकत नसत.

माल तयार झाला की प्रश्न उरे तो वाऱ्याचा. मालदीवची गलबते नैर्ऋत्य मोसमी वारे ओसरू लागण्याच्या सुमारास त्यांच्याच बळाने बंगालकडे जात आणि ईशान्येचा वारा सुटला की तांदूळ व कापड भरून परतत. सिंहलद्वीपाकडे जाणारा मार्ग त्याहून जवळचा, आणि एकोणिसाव्या शतकापासून तर कोलंबो हीच या सुक्या मासळीची मुख्य पेठ झाली. सिंहली स्वयंपाकात या मासळीस उंबलकड म्हणतात. तिचे तुकडे कुटून भाजीत, सांबोलात घातल्यावाचून तेथील गृहिणीचे समाधान होत नाही. १८८७ मध्ये मालदीव इंग्रजांच्या संरक्षणाखाली आले, परंतु व्यापाराच्या दृष्टीने ते त्याआधीच कोलंबोच्या आश्रयाखाली गेले होते.

या कथेत मुंबईचाही धागा आहे. १८३४ ते १८३६ या काळात मोर्झबी नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने या द्वीपांची जी मोजणी केली तिचे काम मुंबईहून चालणाऱ्या हिंदी नौदलाचे होते. त्या मोहिमेतील यंग आणि ख्रिस्तोफर या दोघा लेफ्टनंटांनी द्वीपवासीयांविषयी लिहिलेला वृत्तांत मुंबईच्या भूगोल मंडळाच्या नियतकालिकात छापला गेला. पुढे शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे बोहरी व्यापारी राजधानी माले येथे वखारी घालून बसले आणि आयात-निर्यातीचा बराचसा भाग त्यांच्या हाती गेला. तांदूळ उधार द्यावा, मासळी वसूल करावी, भाव वखारवाल्याने ठरवावा, असा प्रकार जेथे मासेमाराजवळ दुसरे गिऱ्हाईक नसते तेथे होतोच. त्यासाठी बोहऱ्यांसच दोष देण्यात अर्थ नाही. कालांतराने मालदीवचे राज्यकर्ते अमीन दीदी, जे १९५३ साली अल्पकाळ तेथील पहिले राष्ट्राध्यक्षही झाले, त्यांनी मासळीची निर्यात सरकारच्या ताब्यात घेतली, आणि वखारींचे युग संपले. परंतु गिऱ्हाईक एकच राहिले : पूर्वी व्यापाऱ्यांचे कोलंबो, आता सरकारचे कोलंबो.

याचे फळ १९७१-७२ मध्ये भोगावे लागले. श्रीलंकेस परकीय चलनाची टंचाई भासू लागली, तिने आयातीवर कडक निर्बंध घातले, आणि ज्या पेठेवर पिढ्यान् पिढ्या मालदीवचा तांदूळ अवलंबून होता ती जवळजवळ एकाएकी मिटली. समुद्रात मासा होता, नौका होत्या, कौशल्य होते, चुली होत्या. नव्हता तो फक्त घेणारा. एखाद्या धंद्याचे भवितव्य पकडीच्या साधनांवर किती आणि मालाच्या वाटेवर किती अवलंबून असते, याचा इतका स्वच्छ दाखला मला अन्यत्र आढळलेला नाही.

त्यातून जी वाट निघाली तिने सारे बदलून टाकले. १९७२ पासून परदेशी कंपन्यांची, विशेषतः जपानी, शीतगृहयुक्त जहाजे द्वीपसमूहांत नांगर टाकून उभी राहू लागली आणि मासेमारांकडून ताजा मासा समुद्रातच विकत घेऊ लागली. आता मासा उकळण्याचे कारण उरले नाही. नौका जहाजाला लागली, मासा मोजला, पावती घेतली, की झाले. १९७४ पासून शिडाच्या नौकांवर यंत्रे बसू लागली, अल्पावधीत ती बहुतेक नौकांवर आली, आणि पूर्वी वाऱ्याच्या मर्जीवर असलेली मासेमारी वेळापत्रकाप्रमाणे चालू लागली. १९७८ च्या सुमारास लवियानी द्वीपसमूहातील फेलिवारू बेटावर मासा डबाबंद करण्याचा कारखाना निघाला. १९८१ पासून सरकारने खोल समुद्रात तराफे नांगरून ठेवण्यास आरंभ केला, ज्यांच्या सावलीत कुपा जमतो आणि कोळ्यास कळप शोधीत भटकावे लागत नाही. पकड वाढली, आणि वाढत वाढत २००६ मध्ये पट्टेरी कुप्याची पकड सुमारे १ लक्ष ३८ हजार टनांवर गेली.

मी वर जिला किनाऱ्यावरची मर्यादा म्हटले ती अशा रीतीने नाहीशी झाली. त्याबरोबरच चुलीभोवतीच्या स्त्रियांचे उत्पन्नही आटले, कारण मासा विकल्याची रक्कम समुद्रात नौकेवरच्या पुरुषाच्या हाती पडू लागली. प्रगतीच्या हिशेबात ही नोंद सहसा कोणी करीत नाही. उरली ती आमिषाची मर्यादा. मोठ्या नौकांना अधिक आमिष हवे, म्हणून रात्री प्रखर दिवे लावून लहान मासे गोळा करण्याची प्रथा पडली, आणि जे खडक एका गावाचे समजले जात त्यांवर दूरच्या नौकाही येऊ लागल्या. १९९८ मध्ये समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले आणि फार मोठ्या प्रमाणावर मेले, तेव्हा त्यांच्या फांद्यांत राहणाऱ्या आमिषाच्या माशांविषयीही काळजी करावी लागली. शिवाय, गळाने धरलेल्या कुप्याबरोबर पिवळ्या परांच्या टूनाची लहान पिल्लेही येतात. या पद्धतीचे गुणगान करणाऱ्यांनी एवढे मान्य केले पाहिजे.

तरीही मालदीवने आपल्या पाण्यात टूनासाठी जाळे येऊ दिले नाही, आणि हा निश्चय किती दूरदर्शीपणाचा होता हे शेजारच्या समुद्राकडे पाहिले असता ध्यानात येते. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फ्रान्स व स्पेन या देशांची मोठी जहाजे अटलांटिकमधून पश्चिम हिंदी महासागरात उतरली, आणि सेशेल्सचे व्हिक्टोरिया बंदर त्यांचे ठाणे झाले. त्यांचे जाळे किलोमीटरहून अधिक लांब असते. ते कळपाभोवती वेढा घालून तळाशी पिशवीसारखे आवळतात आणि संपूर्ण कळपच वर ओढतात. समुद्रात ते वाहते तराफे सोडतात, त्यांवर यंत्रे बसवून त्यांचा ठावठिकाणा दूरवरून घेतात. त्या तराफ्यांखाली कुप्याबरोबरच मोठ्या जातींच्या टूनाची पिल्ले, शार्क आणि इतर जीव गोळा होतात व एकाच जाळ्यात जातात. कुपा हा स्थिर राहणारा मासा नव्हे. आज मालदीवच्या पाण्यात दिसणारा कळप उद्या कोठे असेल याचा नेम नाही. एका घराने विहिरीतून कळशीने पाणी काढावे आणि शेजाऱ्याने त्याच झऱ्यावर पंप बसवावा, असा हा प्रसंग आहे. २००६ नंतर मालदीवची पकड झपाट्याने उतरली आणि २०१० च्या सुमारास ती निम्म्याहूनही खाली आली.

या संदर्भात आपल्या मिनिकॉयची आठवण होणे अपरिहार्य आहे. लक्षद्वीपातील हे दक्षिणेकडचे बेट राज्यकारभाराने हिंदुस्थानचे, पूर्वी कण्णूरच्या अली राजांच्या अंमलाखालचे, परंतु भाषा, नौकाबांधणी आणि मासेमारी या तिन्ही बाबतींत मालदीवचेच सहोदर. तेथील मासमीन, म्हणजे हीच उकळून-धुरवून सुकविलेली मासळी, तुतिकोरिन आणि कोलंबोच्या बाजारांत जात असे. १९६० नंतरच्या दशकात सरकारी मत्स्यखात्याने मिनिकॉयच्या अनुभवी मासेमारांची विद्या अगत्ती आदी इतर बेटांवर नेली, यंत्रनौका दिल्या, आणि १९६९ साली मिनिकॉयवर डबाबंदीचा कारखानाही काढला. आपल्या देशाच्या सीमेत काठी-गळाची ही मासेमारी मुख्यतः त्या चिमुकल्या बेटांवरच टिकून आहे, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या शहरांत तो मासा ओळखून विकत घेणारे गिऱ्हाईक मात्र फार थोडे आहेत, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

मालदीवने समुद्रातील नियमांसाठी जी खटपट केली ती लहान राष्ट्राच्या मानाने असामान्य म्हणावी लागेल. हिंदी महासागर टूना आयोग या आंतरराष्ट्रीय संस्थेत, जिचे कार्यालय सेशेल्समध्येच आहे, त्याने सातत्याने आग्रह धरला की माशाचा साठा किती उरला आहे हे मोजून त्याप्रमाणे पकडीचा आकडा आपोआप ठरावा. आणि २०१६ मध्ये पट्टेरी कुप्यासाठी असा नियम संमत झाला. त्यानुसार २०१८ ते २०२० या वर्षांसाठी दरसाल सुमारे ४ लक्ष ७० हजार टनांची मर्यादा निघाली. परंतु कोणत्या देशाने किती पकडावे याची वाटणी ठरलेली नव्हती. त्यामुळे पहिल्याच वर्षी, म्हणजे २०१८ मध्ये, सर्व देशांची मिळून पकड सहा लक्ष टनांच्या घरात गेली. ज्या वस्तूचा हिस्सा कोणाच्याच नावे लिहिलेला नाही तिचा हिशेब कोणीच देत नाही, हा महसुली कारभारातला जुना अनुभव समुद्रावरही खरा ठरला.

बाजारातही मालदीवने आपली वाट नव्याने काढण्याचा प्रयत्न केला. ब्रिटनमधील मोठ्या दुकानदारांनी काठी-गळाने धरलेल्या टूनाची मागणी सुरू केली होती. २०१२ मध्ये मालदीवच्या या मासेमारीस सागरी संवर्धनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, आणि डब्यावर ते चिन्ह छापून माल युरोपात जाऊ लागला. पण २०११ च्या आरंभी मालदीवची गणना अल्पविकसित राष्ट्रांतून काढून टाकण्यात आली होती. त्यापाठोपाठ देण्यात आलेली सवलतीची तीन वर्षे सरताच २०१४ पासून त्याच्या डबाबंद टूनावर युरोपच्या बंदरांत २४ टक्के जकात बसू लागली. सेशेल्सच्या कारखान्यात भरलेले डबे, ज्यांत वेढाजाळ्यांनी त्याच महासागरातून उचललेला मासा असतो, ते करारान्वये त्याच बंदरांत जकातीवाचून उतरतात. म्हणून युरोपच्या दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या दोन डब्यांपैकी ज्यातला मासा एकेक करून, काठीने, माणसाच्या हाताने वर आला आहे तोच महाग असतो, आणि त्या वाढीव किमतीतील जकातीचा वाटा केयोळूच्या नौकेपर्यंत कधीच पोहोचत नाही.